जाऊ दे बापा खाली

मागच्या फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, आत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तू काय केलंस?" मी ऐटीत म्हणाले, "इंग्रजी." ते पूर्ण खरं नाही. खरं काय ते लिहूनच सांगावं लागेल, कारण मी बोलायला लागले की तुमची आत्या मध्ये तोंड घालते.

आत्या काय करते ते आधी सांगते. राजापेठेतल्या आपल्या घराच्या वरच्या खोलीत बसून ती एक फर्मवेअर सांभाळते. खाली ट्यूशन सुटली की गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, तिला ते ऐकूही येत नाहीत. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटात बसवलेला प्रोग्राम. हिचा प्रोग्राम संत्र्या-लिंबाच्या बागांमध्ये पाण्याच्या व्हॉल्व्हला जोडलेल्या डबीत बसतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी बंद करायचा, लाइट गेली तर काय, परत आली तर काय, हे सगळं तो ठरवतो. तो सर्वांसाठी खुला आहे. कोणीही वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. ज्यांना फुकट मिळतं ते तक्रार अधिक हक्काने करतात, असं मला आत्याला येणारी पत्रं वाचून कळलं.

हा प्रोग्राम मुळात लिहिला अकोल्याच्या एका गृहस्थांनी. ते तिथे तंत्रनिकेतनात शिकवतात आणि गावाबाहेर त्यांची स्वतःची लिंबाची बाग आहे. आत्या त्यांना भाऊ म्हणते, म्हणून मीही भाऊच म्हणते. यंदा त्यांनी सगळा कारभार आत्याकडे सोपवला. म्हणजे कारभार तिच्याकडे, मतं त्यांच्याकडे.

जुन्या आवृत्तीत एक दुखणं होतं. लाइट जाऊन परत आली की एखादा व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा आणि उघडाच राहायचा. बागेला ताण दिलेला असताना, म्हणजे फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी मुद्दाम तोडलेलं असताना, असं झालं तर तो बहार गेलाच. मागच्या वर्षी खुद्द भाऊंची बाग अशी ऐन ताणात भिजली. भाऊंचं निदान ठाम होतं: व्होल्टेज. गावच्या वायरमनशी त्यांचं तेव्हापासून बोलणं बंद होतं. नव्या आवृत्तीत त्यांनी व्होल्टेजवर पहारा ठेवणारा भाग घातला होता आणि ताण सुरू व्हायच्या आत तो सगळ्या बागांपर्यंत पोचवायचा, असा आत्याने शब्द दिला होता.

तेवढ्यात परदेशातून निरोप आला. असे खुले प्रोग्राम एकत्र बांधून पुढे पाठवणारी काही मंडळी आहेत. त्यांनी कळवलं की सोमवारपासून कंपायलर बदलतोय. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. नव्या कंपायलरवर तुमचं काम विनातक्रार उतरलं नाही, तर या खेपेला ते वगळण्यात येईल. म्हणजे बागांमध्ये जुनीच आवृत्ती आणि आत्याचा शब्द पाण्यात.

आम्ही त्या रविवारी चिखलदऱ्याला जाणार होतो. थर्मास बाहेर काढला होता. तो मी परत फडताळात ठेवला.

नव्या कंपायलरने तक्रारींचा ढीग टाकला. जुना कंपायलर सूचना द्यायचा आणि काम पुढे जाऊ द्यायचा. नव्याच्या नियमाप्रमाणे सूचना म्हणजेच चूक. आमच्या शाळेत एक मुख्याध्यापिका अशा होत्या, त्यामुळे मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

तक्रार कसली, तेही समजून घ्या. प्रोग्रामचा काही भाग पायऱ्यांसारखा असतो. एका पायरीचं काम झालं की शेवटी 'थांब' असा हुकूम लिहावा लागतो. तो नसेल तर प्रोग्राम खालच्या पायरीवर उतरतो आणि तिचंही काम करून टाकतो. कधी कधी हे मुद्दामच हवं असतं. मग लिहिणारा तिथे, पुढच्या माणसाला कळावं म्हणून, एक टीप लिहून ठेवतो. भाऊंनीही लिहिली होती. मात्र त्यांचा बाणा असा की वऱ्हाडातल्या प्रोग्राममध्ये टिपा वऱ्हाडीतच. त्यामुळे जागोजागी लिहिलेलं होतं: "जाऊ दे बापा खाली".

आणि नवा कंपायलर, आश्चर्य म्हणजे, टिपा वाचतो! योग्य टीप दिसली की तो गप्प बसतो. फक्त ती इंग्रजीत हवी.

आत्याने भाऊंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"भाऊ, टिपा इंग्रजीत कराव्या लागतात."

"काहून? मी त्याच्यासाठी लेहून नाई राहिलो, ताई. मी मानसासाठी लेहलं."

"तो अडून बसला ना."

"मंग त्याले शिकव मराठी! चार दिस अकोल्यात आनून ठेव, आपोआप शिकते."

"भाऊ, सोमवार आहे हातात."

"बरं. काकू हायत ना घरी? त्यायले दे ते काम. त्यायच्या इंग्रजीवर कोनी बोट नाई ठेवत."

मी जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं. हे वाक्य ऐकून मी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून बसले, हे मान्य करायला हवं.

आत्याने सांगितलं, "आई, प्रत्येक ठिकाणी नुसतं 'फॉल थ्रू' लिही, म्हणजे तेच, खाली जाऊ दे."

"हे इंग्रजी नाही," मी म्हणाले.

"कसं नाही?"

"आपला चिखलदऱ्याचा बेत फसला, त्याला फॉल थ्रू म्हणतात. ठरलेलं लग्न मोडलं, त्याला म्हणतात. तुला काय तुझं पाणी फसलं असं लिहायचं आहे?"

"आई, तो शब्द ठरलेला आहे."

"कोणी ठरवला? चुकीचा ठरवला."

मी माझ्या मताने लिहिलं. नियंत्रण आता पुढील पायरीकडे जात आहे, अशा अर्थाचं कर्ता-क्रियापद असलेलं, सुबक इंग्रजी वाक्य. प्रत्येक ठिकाणी पूर्णविरामासह. आत्याने कंपायलर चालवला. एकही तक्रार कमी झाली नाही.

"त्याला तुझं कळलं नाही," आत्या म्हणाली. ती हसत नव्हती, पण हसू दाबण्याचा प्रयत्नही फार करत नव्हती.

तेव्हा मी 'फॉल थ्रू' लिहायला लागले. भाऊंची टीप शोधायची, पुसायची, तिथे मोडलेलं लग्न बसवायचं. काम नीट चाललं होतं. एका जागी मात्र कंपायलरची तक्रार होती आणि पुसायला भाऊंची टीपच नव्हती. मोकळी जागा.

"तिथेही टाकून दे," आत्या म्हणाली. "विसरले असतील भाऊ. तेवढं झालं की संपलं."

मला टाकायला हरकत नव्हती. पण मूळ मजकूर नसताना भाषांतर कशाचं करायचं? मी कधी केलेलं नाही. आत्या म्हणाली, "आई, हे कशाचंच भाषांतर नाही, त्याचं तोंड बंद करायचंय फक्त." मी म्हणाले, तरीही. मग तिने कपाळाला हात लावून पुन्हा अकोल्याला फोन लावला.

"भाऊ," मी विचारलं, "लाइट परत आल्यावर वाट पाहायची, अशी पायरी आहे. तिच्याखाली व्हॉल्व्ह उघडायची पायरी. या दोघींच्या मध्ये तुम्ही काय म्हणता?"

"तिथं मी कायले काई म्हनन, काकू? तिथं तं थांबाचं हाय."

"थांब असं लिहिलेलं नाही."

"लेहलं असन. नीट पाहा."

"मी नीटच पाहते, भाऊ."

पलीकडे भाऊ आपल्या कॉम्प्युटरवर तीच जागा शोधू लागले. इकडे आत्या माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत उभी राहिली. लाइट परत येई, प्रोग्राम वाट पाहायच्या पायरीवर येई, तिथे त्याला थांब म्हणणारं कोणी नसे, आणि तो सरळ खाली उतरून व्हॉल्व्ह उघडी. लाइट सावकाश गेली असली की तो कधी कधी दुसऱ्या वाटेने जाई आणि ही पायरी लागतच नसे, म्हणून हे रोज होत नसे. व्होल्टेजचा दोष नव्हता. वायरमनचा तर नव्हताच.

"बाप्पा!" शेवटी भाऊ म्हणाले. "म्या त्या मानसाले वर्षभर शिव्या देल्या ना वं, ताई."

"आणि आपण नव्या आवृत्तीत व्होल्टेजवर पहारा बसवला," आत्या म्हणाली.

"बसू दे पहारा. बसला तं बसला. तू आधी थांब टाक तिथं."

तिने टाकला. हा 'थांब' म्हणजे टीप नव्हे, खरा हुकूम. मग तिने चाचणीसाठी टेबलावर ठेवलेल्या डबीची लाइट कितीतरी वेळा घालवली आणि आणली. व्हॉल्व्ह बंदच राहिला. मला त्या डबीपेक्षा आत्याचा चेहरा बघण्यासारखा वाटला. तोंड बंद करायला निघालेली ती, आता त्या कंपायलरकडे जरा आदराने बघत होती.

माझ्या कामाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. त्या परदेशी मंडळींकडे आणखी एक कंपायलर होता आणि तो टिपा वाचतच नाही, कोणत्याही भाषेतल्या. त्याला खाली उतरायची परवानगी प्रोग्राममध्येच, ठरावीक चिन्हाने लिहून हवी होती. आत्याने सगळीकडे ती लिहिली आणि दोन्ही कंपायलर शांत झाले. माझ्या दुपारभराच्या 'फॉल थ्रू'ची गरज उरली नाही. टिपा परत फक्त माणसांसाठी झाल्या, म्हणून तिने भाऊंची वऱ्हाडी जागच्या जागी परत आणली. आवृत्ती सोमवारी निघाली. भाऊ लिंबं घेऊन वायरमनकडे गेले. त्याने लिंबं ठेवून घेतली, बोलायला अजून तयार नाही म्हणे.

आवृत्ती निघण्यापूर्वी भाऊंनी एक टीप तेवढी नवी घातली होती. वाट पाहायच्या पायरीखाली, जिथे आता हुकूम असल्यामुळे टिपेची काहीच गरज नाही, तिथे लिहिलं: "इथं थांब बापा". पुढे पूर्णविराम नव्हता. आत्या चहा आणायला खाली गेली होती, तेवढ्यात मी तो दिला.

दोन्ही कंपायलरांनी काही तक्रार केली नाही.