डावीकडचा ब्रेक

समता कॉलनीत मंदाकिनी डेहनकर कोण, म्हणून विचारलं तर दाताच्या दवाखान्यात नंबर देणारी बाई, असं खरं तर कोणीही सांगायला हवं. पण तसं कोणी सांगत नाही. "वो गाडी चलानेवाली आंटी," असंच सगळे म्हणतात, आणि मंदाकिनीबाईंना ते मनापासून आवडतं. दर रविवारी थोरल्या बहिणीकडे, गोदावरीकडे, बीरगांवला जायचं. लोखंड भरलेल्या ट्रकांच्या गर्दीतून गाडी काढायची. आणि पोचल्यावर, "आज एका ट्रकवाल्यानं आडवीच घातली ना गाडी, पण म्या बरोबर दाबला ब्रेक," असं सांगत दोन कप चहा घ्यायचा, हा त्यांचा बारा वर्षांचा नेम. गोदावरी प्रत्येक वेळी तोंडाला पदर लावून ऐकायची. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

गाडी मात्र नवऱ्याच्या धंद्याची. रामकृष्ण डेहनकर मोटार ट्रेनिंग स्कूल चालवायचे. शिकवण्याच्या गाडीत असतो तसा डावीकडे, मास्तरांच्या पायाशी, आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक बसवलेला होता. शिकणाऱ्यानं घोटाळा केला की मास्तर आपल्या बाजूनं गाडी थांबवणार. बाकीचे विद्यार्थी महिनाभरात शिकून निघून गेले. मंदाकिनीबाईही याच गाडीवर शिकल्या, पण त्या बारा वर्षं त्याच गाडीत, त्याच मास्तरांशेजारी बसून राहिल्या. एकटीनं गाडी न्यायची वेळ कधी आलीच नाही. एखादी नवी बाई स्टिअरिंग धरून रडायला लागली की रामकृष्ण सांगायचे, "माझी मिसेस पाहा, आरामात ट्रकांमधून सिलतऱ्यापर्यंत घेऊन जाते."

मागच्या वर्षी रामकृष्णांचं लायसन्स रिन्यू करायची वेळ आली आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं नीट दिसत होतं, पण बाजूचं बरंचसं गेलं होतं. कधीपासून, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. बाजूचं दिसणं इतकं हळू जातं म्हणे, की माणसाला पत्ताच लागत नाही. लायसन्स गेलं, स्कूलची पाटी उतरली, आणि दवाखाना, बाजार, बीरगांव सगळं मंदाकिनीबाईंच्या हातात आलं. मुलगी राधिका बंगलोरहून फोनवर म्हणाली, "मम्मी, पुरानी गाडी एक्सचेंज में दे दो, नई ले लो. चलाना तो अब आपको ही है."

"हव, मलेच चालवायची आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ त्या खुशीत होत्या.

ही खुशी शोरूममधल्या धर्मपालनं घालवली. बिचाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो जुनी गाडी तपासायला आला, डावीकडचं दार उघडून खाली वाकला आणि हसला.

"आंटी, ये तो मॉडिफाइड है. इधर का ब्रेक, क्लच, सब निकलवाके लाना पडेगा." मग उगाच गंमत म्हणून तो पुढे बोलला, "मतलब असली ड्रायवर तो अंकल थे."

एवढं बोलून तो चॅसी नंबर लिहायला निघून गेला. मंदाकिनीबाई तिथंच उभ्या राहिल्या.

आता हे बोलणं काही मोठं नव्हतं. हसून सोडून द्यायचं. पण त्यांना सोडता येईना. त्या रात्रंदिवस एकेक ब्रेक आठवून त्याची वाटणी करत बसल्या. बीरगांवच्या वाटेवर भनपुरीला रिव्हर्स येणारा तो ट्रक, ज्याची गोष्ट गोदावरीनं किमान दहादा ऐकली होती, त्याच्यापुढे गाडी आपण थांबवली की यांनी? गाय आडवी आली तेव्हा? शाळेची रिक्षा वळली तेव्हा? ब्रेकवर आपला पाय होता हे पक्कं आठवत होतं. पण गाडी आपल्या पायानं थांबली की शेजारच्या, हे कसं कळणार? दोन्ही ब्रेक एकाच गाडीचे. बारा वर्षं आपण गाडी चालवली की नुसतं स्टिअरिंग धरून फिरलो, हेच त्यांना कळेनासं झालं.

शोरूमवाल्यांनी नवी गाडी चालवून पाहायला सांगितली तेव्हा त्यांनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा ठणठणीत होता.

गॅरेजवाल्यानं डावीकडची पेडलं काढून बाहेर जमिनीवर ठेवली, तेव्हा त्या खाली वाकून त्यांचं रबर बघू लागल्या. डाव्या ब्रेकचं रबर पार झिजून लोखंड दिसत होतं. मग त्यांनी गाडीत डोकं घालून उजव्या ब्रेकचं पाहिलं. तेही झिजलेलं, पण कमी. झालं, त्यांचा उरलासुरला धीरही सुटला. थोड्या वेळानं लक्षात आलं की डावीकडचं रबर झिजलं ते शहरातल्या सगळ्या शिकाऊ पोरांपायी, त्यात आपला हिस्सा किती ते रबर कसं सांगणार? गॅरेजवाला विचारत होता, "क्या हुआ दीदी, कुछ गिर गया क्या?"

शेवटी त्यांनी नवऱ्यालाच विचारलं. वरणात लिंबू पिळता पिळता, साधं काहीतरी विचारावं तसं.

"अहो, मी चालवत होती तेव्हा तुम्ही किती डाव ब्रेक दाबत होते?"

रामकृष्ण घास हातात धरून विचारात पडले. खोटं बोलणाऱ्यातला हा माणूस नव्हे, हीच तर पंचाईत.

"मले नाही सांगता येत, मंदा. पाय आपोआप जाते. काहून?"

"काही नाही. असंच विचारलं."

"नवीन गाडीत मी बाजूले बसीनच ना. घाबरू नको."

त्या वाक्यानं धीर यायचा तो आणखी खचला. बाजूला बसून हे करणार काय? त्या बाजूला आता पेडल नव्हतंच.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूममध्ये नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली दोघांच्या हातात देऊन फोटो काढला. खरी किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा धर्मपालनं ती सवयीनं रामकृष्णांपुढे केली. रामकृष्णांनी सवयीनं ती घेतली. मग त्यांनी ती बायकोकडे दिली. गिअरची गाडी घ्या, बिनगिअरची म्हणजे खेळणं, हा हट्ट रामकृष्णांचाच होता, त्यामुळे मंदाकिनीबाईंच्या पायाला तीन पेडलं होती. त्यांनी मनात गणपतीचं नाव घेतलं आणि गाडी शोरूमच्या बाहेर काढली.

अर्धा रस्ता गाडी बरी चालली. पहिल्या सिग्नलला थांबली, दुसऱ्याला थांबली. पण सिग्नलला थांबणं म्हणजे काय थांबणं, लाल दिवा लांबूनच दिसतो. पुढे बिनसिग्नलचा चौक आला. डाव्या गल्लीतून एक स्कूटरवाला, पायाशी गॅसची टाकी उभी ठेवून, इकडेतिकडे न बघता थेट बोनेटपुढे आला.

मंदाकिनीबाईंचा पाय खाली गेला. गाडी जागच्या जागी थांबली, पट्टे छातीवर आवळले, इंजिन बंद पडलं. स्कूटरवाला मान वळवून बघत बघत निघून गेला. तो पार पलीकडे पोचल्यावर डावीकडे मॅटवर धप्प आवाज झाला.

"पाहिलं?" रामकृष्ण म्हणाले. "वेळेवर दाबला म्हणून. नाही तर गेला होता तो."

मंदाकिनीबाई त्यांच्या पायाकडे पाहत राहिल्या. पाय मॅटवर घट्ट रोवलेला होता. मग तो हलला, थोडा पुढे गेला, थोडा बाजूला गेला, काहीतरी शोधू लागला. रामकृष्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू गोंधळ पसरला.

"इथं तर पेडल नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मंग गाडी कोणं थांबवली?"

तीन आठवडे हेच एक उत्तर मिळावं म्हणून मंदाकिनीबाईंचा जीव कासावीस झाला होता. आता ते मिळालं होतं. त्यांना आनंद झाला होता, अगदी ऊर भरून, आणि त्या आनंदाची त्यांना भयंकर लाज वाटत होती.

"म्या," त्या म्हणाल्या.

रामकृष्ण समोर पाहत होते. समोरचं त्यांना नीट दिसत होतं. "त्या पोट्ट्याले मी पाहिलंच नाही का?" त्यांनी विचारलं. "तो आला कुठून?"

"तुमच्याच बाजूनं."

मागचे हॉर्न वाजवायला लागले होते. रामकृष्ण बोटांवर काहीतरी मोजत होते, बहुतेक वर्षं. "म्हणजे बीरगांवच्या रस्त्यावरही, एवढी वर्षं," ते बोलू लागले, पण वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यांनी दोन्ही पाय उचलले आणि परक्याच्या घरी बसतात तसे सीटखाली ओढून घेतले.

"चल मंदा," ते म्हणाले, "मागचे बोंबलून राहिले."