कानमास्तरांना न आलेला आवाज

सुरू होताना गाडी विचित्र आवाज करू लागली, की लोक ती कानमास्तरांकडे आणत. हे नाव त्यांना गल्लीनेच दिलेलं. गिऱ्हाईक आलं की मास्तर आधी बॉनेट उघडत नसत. "आवाज तोंडाने काढून दाखवा," म्हणत. मग बँकेतले साहेब असोत की वकील, शेडच्या दारात उभे राहून 'टक टक टक' नाहीतर 'घर्रर्र' करून दाखवायचे आणि समोरचा शिंपी मशीन थांबवून तो फुकटचा तमाशा बघायचा.

"टकटक ना? बॅटरी उतरलीय. घरघर? स्टार्टरचे दाते झिजलेत."

त्यानंतर मास्तर किल्ली फिरवायला लावत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. बॉनेटखाली डोकं घालून शोधाशोध करणाऱ्यांना ते हसत. पस्तीस वर्षं असंच चाललं होतं.

त्या मंगळवारी सकाळी भाची गाडी घेऊन आली. शेजारच्या सीटवर तिची आई, म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. दर मंगळवारी दोघी तपासणीसाठी घाटापलीकडच्या इस्पितळात जात.

"मामा, सुरू करताना किंचाळते हो. चीं करून. दोन सेकंद, मग गप्प."

"कर सुरू."

मास्तरांनी डोळे मिटले. इंजिनने धडधडत दम धरला, तो त्यांना ऐकू आला. चीं नाही आलं. "बंद कर. पुन्हा." या वेळी स्क्रूड्रायव्हर लावला. हाडात नुसती धडधड. तिसऱ्या वेळी त्यांनी इंजिनऐवजी भाचीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी उमटली, दोन सेकंद राहिली आणि गेली.

आवाज झाला होता. तिला आला, त्यांना नाही.

गेलं वर्षभर ही भीती त्यांच्या उशाशी होती. बारीक आवाजाचं गजराचं नवं घड्याळ वाजत नाही म्हणून त्यांनी दोनदा सेल बदलले होते. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "अहो, वाजतंय की ते!" तेव्हा "तुझी गंमत केली," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती. पण कानच गेले, तर कानमास्तरांकडे कोण येणार?

"आलं ना ऐकू, मामा?"

"काही नाही त्यात," ते बोलून गेले. "तुझ्याच कानात बसलाय तो आवाज."

भाची गोंधळली. तिने स्वतः ऐकलं होतं. पण मामांच्या कानापुढे आपल्या कानाची काय बिशाद! "तुम्ही म्हणताय म्हणजे नसेलच," ती म्हणाली.

"दादा, हिचं लहानपणापासून असंच," बहीण खिडकीतून म्हणाली. "परीक्षेच्या आदल्या दिवशी हिला न चुकता ताप यायचा, थर्मामीटर लावला की जायचा!"

तिघंही हसले. गाडी गेली.

शिंपी गळ्यात टेप अडकवून रस्ता ओलांडून आला. "काय हो मास्तर, तशीच सोडलीत? केवढी किंचाळत होती! मी दचकलो आणि बोटात सुई गेली."

मास्तर स्टुलावर बसले. सुरू होताना चीं, म्हणजे इंजिनचा पट्टा झिजलेला. शिकाऊ माणसालाही कळतं ते. त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप आणि त्याच पट्ट्यावर स्टिअरिंग हलकं करणारा पंप. पट्टा तुटला की चाक हातात दगडासारखं जड होणार. तेही घाटात, वळणावर.

त्यांनी फोन लावला. भाची उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यांनीच तिला बजावलं होतं. बहिणीचा बंद.

"स्कूटर काढ," ते शिंप्याला म्हणाले.

"आत्ता? माझं गिऱ्हाईक यायचंय."

"काढ म्हणतो ना!" मास्तर ओरडले. "मला ऐकू आलं नाही रे. काहीच ऐकू आलं नाही."

शिंपी स्कूटरकडे धावला. मास्तरांनी खुंटीवरचा नवा पट्टा आणि पाने पिशवीत टाकले.

घाटातल्या प्रत्येक वळणावर मास्तर आधी कठडा बघत. शाबूत आहे ना? मग पुढचं वळण, पुढचा कठडा. सातव्या वळणानंतर गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला तिरकी उभी, पुढची चाकं दरीकडे वळलेली, पुढची दोन्ही दारं सताड उघडी. आत कुणी नाही.

स्कूटर थांबायच्या आत मास्तर उतरले आणि धडपडले. गुडघा फुटला. तसेच उठून पलीकडे गेले, तर खडकाच्या सावलीत बहीण डोकं धरून बसलेली आणि भाची तिच्या हातांवर पाणी ओततेय.

"दादा? तू कसा इथे? अरे, मळमळलं म्हणून थांबलो."

मास्तर तडक गाडीकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडलं. डोळ्यांनी नुसतं पाहिलं असतं तरी सकाळीच कळलं असतं. पट्ट्याची अर्धी रुंदी झडून गेली होती आणि उरलेल्याला जागोजागी भेगा होत्या. बोटाने ओढला तर चिरफळी हातात आली.

भाची मागे येऊन उभी राहिली. "मामा, तुम्ही तर म्हणालात..."

"खोटं बोललो. मला ऐकू आलं नव्हतं, आणि तसं सांगायला जीभ रेटली नाही. तुमच्या जिवावर बेतलं असतं गं."

ती वळून आईजवळ जाऊन बसली. इंजिन निवायला अर्धा तास लागला. पट्टा चढवताना मास्तरांच्या हातातून पाना दोनदा निसटला.

"सुरू कर," ते म्हणाले. "तू ऐक, आणि मला सांग."

तिने किल्ली फिरवली. "नाही येत."

"नक्की? माझं मन राखायला म्हणू नकोस."

"मी खोटं नाही बोलत, मामा," ती जरा तोडूनच म्हणाली. शिंपी उगीच दरीकडे बघू लागला.

"बस मागे," बहीण म्हणाली. "माझ्या डॉक्टरांच्या शेजारीच कानाचे डॉक्टर बसतात."

"आज नको गं. शेड उघडी टाकून आलोय."

"कुलूप हे शिंपीभाऊ लावतील. बस म्हणते ना!"

शिंप्याने मान हलवली. डॉक्टर काय सांगणार, ते मास्तरांना ठाऊकच होतं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. ते मागे बसले आणि दार ओढून घेतलं. ते लागल्याचा आवाज त्यांना आला होता. तरीही त्यांनी हाताने ढकलून पाहिलं.