करड्या कोटवाल्याची बाजू

त्या सात भागांच्या अंतराळपटात खलनायक नाही, हे मी बारा वर्षांपासून सांगतो आहे आणि माझं कोणीही ऐकत नाही.

सिनेमाचं नाव सांगत नाही. बेसा वस्तीतल्या आमच्या घरात ते नाव निघालं की माणसं उठून जातात. बायको वंदना स्वयंपाकघर गाठते, मुलगी ऋतुजा कानात इयरफोन घालते आणि शेजारचे तर मी दिसलो की गेट लावून घेतात. (त्यांना मी फक्त चौथ्या भागापर्यंतच सांगितलं होतं!) तर गोष्ट थोडक्यात अशी. करड्या लांब कोटातला एक माणूस अवकाशात फिरतो आणि एकेक ग्रह गिळत जातो. बोलत नाही, चिडत नाही, हसत नाही. एक देखणा वैमानिक आणि त्याची मैत्रीण सातही भाग त्याच्यापासून पळत असतात. शेवटी सगळं काळंकुट्ट होतं आणि पडद्यावर एकच पांढरा ठिपका लुकलुकतो. संपलं. तो ठिपका म्हणजे काय, यावर लोक अजून भांडतात.

मी भांडत नाही. मला माहीत आहे. तो कर्सर आहे.

हा सगळा सिनेमा एका कॉम्प्युटरच्या पोटात घडतो. ग्रह म्हणजे फोल्डर. करडा कोटवाला म्हणजे साफसफाईचा प्रोग्रॅम. नको त्या फाइली पुसायच्या आणि मशीन हँग होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. आणि तो देखणा वैमानिक? पुसायची राहून गेलेली टेंपररी फाईल! सात भाग लोक कचऱ्यासाठी टाळ्या वाजवतात आणि झाडणाऱ्याला शिव्या देतात.

मला हे सुचलं याचं कारण मी सत्तावीस वर्षं एका ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात आहे. सर्व्हर साफ करणं माझं काम. लोकांनी तिथे भाच्याच्या बारशाचे फोटो, मेहुण्याच्या प्लॉटचे नकाशे आणि लौकीच्या रसाचे फायदे साठवून ठेवलेले असतात. मी आधी तीन वेळा सूचना काढतो, मग पुसतो. त्यानंतर आठ दिवस मला कोणी चहाला बोलवत नाही. करडा कोटवाला पहिल्यांदा पाहिला तेव्हा थिएटरात माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वंदनाला वाटलं, ग्रह गेला म्हणून रडून राहिले.

तर मागच्या थंडीत ऋतुजाच्या लग्नाची बोलणी करायला मौद्याहून भोयर मंडळी येणार होती. मुलगा अक्षय सॉफ्टवेअरमध्ये. त्याची आणि ऋतुजाची सीताबर्डीला दोन-तीनदा भेट झालेली होती, दोघांचं पसंत होतं, आता मोठ्यांनी एकमेकांना पाहायचं आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची एवढंच उरलं होतं. वडील भोयरसाहेब तिकडच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले. घरची थोडी शेती.

रविवारी सकाळी उठलो तर माझा लॅपटॉप जागेवर नव्हता. वंदनाने तो कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली होती. मी काहून म्हणून विचारलं.

"आज त्या सिनेमाचा एक शब्द काढायचा नाही," ती म्हणाली. "पोरीचं लग्न होऊ द्या. मग जावयाले रोज फोन करून सांगा."

मी दुखावलो. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या मशीनला कुलूप लावणाऱ्या माणसाच्या मशीनला घरात कुलूप! पण मुलीसाठी मी शब्द दिला, आणि तो पाळलाही. विषय मी काढला नाही. विषय अक्षयने काढला. हे मी आजही सगळ्यांना सांगतो.

झालं असं की मंडळी आली, चपला दाराशी अगदी रांगेत निघाल्या, भोयरसाहेबांनी घरच्या तुरीच्या शेंगांची पिशवी वंदनाच्या हातात दिली, आणि कोथिंबीर भरून तळलेली सांभारवडी पुढे आली. अक्षयने एक खाल्ली, दुसरी स्वतःहून मागून घेतली. वंदना फुलली. मग तो माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला, "काका, तुम्हाला सिनेमाची आवड आहे ना?"

आता पाहुण्याने विचारल्यावर गप्प बसणं बरं दिसतं का? मी वंदनाकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. मी सुरू केलं.

असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. ग्रह म्हणजे फोल्डर म्हटल्यावर तो "अरे वा" म्हणाला. वैमानिक म्हणजे टेंपररी फाईल म्हटल्यावर पुन्हा "अरे वा" म्हणाला. आणि ठिपका म्हणजे कर्सर हे ऐकल्यावर तर ताठ बसला, हातातली वडी बशीत ठेवली. मग हळूच म्हणाला, "असा विचार अजून कोणी केला नसेल, काका."

मी मनातल्या मनात तारीख ठरवूनही टाकली. पत्रिका, मुहूर्त, हॉल, सगळं एका बाजूला. माझा जावई ठरला होता.

इथे थांबायला हवं होतं. पण भोयरसाहेब मध्येच म्हणाले, "ते पुसणं म्हणजे नेमकं काय असते, ते मले दाखवान का?" माणूस प्रामाणिकपणे विचारत होता. माझा लॅपटॉप कपाटात. मग अक्षयची बॅग दिसली. रविवारचीही ड्यूटी लागली तर जवळ असावा म्हणून त्याने लॅपटॉप आणला होता. मी मागितला. त्याने एकदा ऋतुजाकडे पाहिलं आणि दिला. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून मी तो वायरने टीव्हीला जोडला. आमचा टीव्ही मोठा आहे. अक्षरं पार स्वयंपाकघरातून वाचता येतात.

पडद्यावर त्याचे फोल्डर आले. त्यातल्या एकाचं नावच 'टेंप' होतं. मला काय आनंद झाला! मी पट्टीने पडद्यावर दाखवलं की हा बघा, हाच तो ग्रह, बिनकामाचं सगळं इथे साठतं. उघडलं. आत एकच फाईल होती. नाव, 'बेसा रविवार'.

"काका, ती नको," अक्षय म्हणाला.

मी त्याला समजावलं की चौथ्या भागात तो वैमानिकही अगदी हेच म्हणतो. करडा कोटवाला दुष्ट नाही, तो आत काय आहे ते पाहूनच पुसतो. बघायचं आणि मग पुसायचं, ही शिस्त आहे. असं म्हणून मी फाईल उघडली.

मोठ्या, स्वच्छ मराठी अक्षरांत यादी होती.

पहिला मुद्दा, चपला रांगेत काढणे. दुसरा, सांभारवडी दुसऱ्यांदा मागून घेणे, काकू खूश होतात. तिसरा, काकांना सिनेमाबद्दल आपणच विचारणे, नाहीतर ते जेवताना काढतील. चौथा, मध्ये दोनदा 'अरे वा' म्हणणे, वाद घालू नये, कर्सरला विशेष आश्चर्य दाखवणे. पाचवा, शेवटी 'असा विचार अजून कोणी केला नसेल, काका' म्हणणे. सहावा, पप्पांना बॉयलरवर जाऊ देऊ नये, एकदा गेले की जेवण थंड होतं.

खाली कंसात लिहिलं होतं, 'ऋतुजाने तपासले.'

पट्टी माझ्या हातात तशीच कर्सरच्या मुद्द्यावर टेकलेली. भोयरसाहेबांनी खिशातून चष्मा काढला, तो पुसला, लावला आणि सगळी यादी पहिल्यापासून मोठ्याने वाचली. (आमची सगळ्यांची एकदा वाचून झाली होती. त्यांनी तरीही वाचली.) मग मुलाला विचारलं, "थंड म्हणजे किती थंड?"

भोयरवहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मला आधी वाटलं रडताहेत. नंतर खांदे पाहिले.

मी ऋतुजाला म्हणालो की बापाच्या बारा वर्षांच्या विचाराची तू अशी मुद्देसूद चेष्टा केलीस. माझा आवाज चढला होता, हे मी मान्य करतो. व्याही होऊ घातलेल्या लोकांसमोर चढला, हेही मान्य करतो. ती मात्र शांत होती.

"बाबा, अमरावतीचं स्थळ आलं होतं, ते लोक न जेवता का गेले, आठवते का?"

मी म्हणालो, त्यांची ट्रेन होती.

"ट्रेन नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या मुलाला टेंपररी फाईल म्हणाले होते. मला त्याचं काही वाटलं नाही, तो मुलगा मला आवडलाच नव्हता. अक्षय आवडतो. म्हणून लिहून दिलं."

पोरगी खरं बोलत होती आणि सगळ्यांसमोर बोलत होती. माझ्या डोक्यात राग होता आणि त्याच्या खाली काहीतरी विरघळत होतं. पण राग आधी आला होता, त्यामुळे त्याचा मान ठेवणं भाग होतं. मी सांगितलं की मी गच्चीवर जातो आहे आणि कोणी समजूत घालायला आल्याशिवाय खाली येणार नाही. भोयरसाहेब उठले आणि म्हणाले, "मी बी येतो." जाताना त्यांनी तुरीच्या शेंगांची पिशवी परत घेतली.

गच्चीवर ऊन छान होतं. आम्ही दोघं पाण्याच्या टाकीला टेकून बसलो आणि शेंगा सोलू लागलो. मी त्यांना सांगितलं की आजकालच्या मुलांना बापाचं ऐकायचंच नाही. ते म्हणाले, छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला, पण घरात कोणी विचारलं नाही की तो पेटतो कसा. आम्ही हळहळलो. समजूत घालायला कोणीतरी येईल म्हणून जिन्याकडे पाहिलं. खालून फक्त हसण्याचा आवाज आला. तोही बराच वेळ.

अर्धी पिशवी संपल्यावर भोयरसाहेब म्हणाले, "साहेब, रागावू नका. तो सिनेमा म्या बी पाह्यला. सातही भाग. तुमचं सांगणं मी शांतपणे ऐकून घेतलं. पण मले सांगा, ग्रह गिळल्यावर ते राखाडी पडून राहते थे काय हाय?"

मी म्हणालो, ते प्रतीक आहे.

"कॉम्प्युटरात राख पडते का?"

नाही पडत. बारा वर्षं मी या राखेला प्रतीक म्हणून पुढे ढकलत आलो होतो आणि आजवर कोणी अडवलं नव्हतं, कारण तिथपर्यंत कोणी ऐकलंच नव्हतं.

"थो कॉम्प्युटर नोहे," भोयरसाहेब म्हणाले. "थो बॉयलर हाय."

आणि मग त्यांनी सांगितलं. ग्रह म्हणजे कोळसा. जहाज पळतं ते ग्रह जळतात त्या उष्णतेवर, म्हणून तर प्रत्येक ग्रह गेला की जहाजाचे दिवे लख्ख होतात (हे मी कधी पाहिलंच नव्हतं!). करडा कोटवाला करडा का? तो राख काढणाऱ्या विभागातला माणूस. सबंध अंगावर राख. तो गिळत नाही, जळून गेलेलं उचलून नेतो, नाहीतर भट्टी तुंबेल. आणि शेवटचा ठिपका? बंद पडलेला बॉयलर पुन्हा पेटवतात तेव्हा छोट्या काचेतून तेलाची पहिली ज्योत अशीच दिसते. पांढरी, एवढीशी.

मी कर्सरची बाजू मांडायला तोंड उघडलं. "थांबा गा जरा," ते म्हणाले. "कर्सर ठोक्यानं चमकते. थो ठिपका थरथरते. घरी जाऊन पाहा."

मी तोंड मिटलं. शेंगा संपल्या, ऊन टाकीच्या पलीकडे गेलं, ते सांगत राहिले. शेवटी वंदना वर आली. समजूत घालायला नाही, जेवण दोनदा गरम करून झालं हे सांगायला. खाली गेलो तर साक्षगंधाची तारीख निघालेली, हॉल ठरलेला, पाहुण्यांची यादीसुद्धा झालेली. आमच्या दोघांशिवाय सगळं तासाभरात पार पडलं होतं. आम्ही रागावून गेलो होतो हेही कोणाच्या लक्षात राहिलेलं नव्हतं. पानं मांडलेली होती आणि मुलं आम्हालाच आग्रह करून वाढत होती.

मंडळी गेल्यावर मी सातव्या भागाचा शेवट लावून पाहिला. ठिपका थरथरतो.

पुढच्या आठवड्यात अक्षयने वडिलांचं म्हणणं त्या सिनेमाच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं. त्याच ग्रुपवर मी बारा वर्षं लिहितो आहे आणि माझ्या लेखाला तीन जणांनी पसंती दिली आहे, त्यातले दोन मीच आहे. बॉयलरवर एका संध्याकाळीत लोक तुटून पडले. कोणी त्यांना गुरुजी म्हणालं, कोणी पाय धरतो म्हणालं. एकाने विचारलं की हे सुचलं तेव्हा सोबत कोणी होतं का. भोयरसाहेब मोठ्या मनाचे माणूस. त्यांनी अक्षयकडून उत्तर लिहून घेतलं की हो, माझे व्याही होते, दीड तास शेजारी बसून शांतपणे ऐकत होते.

घरी सगळ्यांनी ते वाचलं. बॉयलर वंदनाला पटला, ऋतुजालाही पटला. पण मी दीड तास शांतपणे ऐकत होतो, यावर दोघींचा अजूनही विश्वास बसलेला नाही.