कुसळी कशाला म्हणायचं

आमच्या सासूबाईंना अख्खा कारखाना कुसळीमावशी म्हणतो आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटायचं. लग्न होऊन इथे शिलाईवर लागले, तेव्हा यावरून मी शेजारच्या मशीनवालीशी कडाकडा भांडले होते. तर सासूबाईच मला म्हणाल्या, "अगं, खरंच आहे ते. एकदा आत शिरलं की माघारी येत नाही, त्याला कुसळी म्हणतात."

कुसळी म्हणजे नेमकं कुठलं गवत, हे विचारायची सोय नाही. टेकडीवरचं उंच तांबूस गवत कुसळी, रस्त्याकडेचं बुटकं गवतही कुसळीच. एकमेकांच्या ना नात्यातली ना गोत्यातली. कोवळं असतं तेव्हा मेंढ्या मिटक्या मारत खातात, तेव्हा त्याला कुणी नाव ठेवत नाही. टोकाला सुईसारखी कुसळं धरली की झालं ते कुसळी. मग ती कुसळं मेंढीच्या केसांत घुसतात, ओल लागली की पीळ घेत आणखी आत सरकतात आणि लोकरीबरोबर आमच्या ब्लँकेटच्या कारखान्यात येतात.

ती वेचायचं काम आईंचं, म्हणजे सासूबाईंचं. ब्लँकेट विणून आलं की पाटावर बसून ते पुढ्यात पसरायचं आणि बोटांनी चाचपायचं. कुसळ सापडलं की शेपटीला धरून ओढायचं नाही. ओढलं तर शेपटी हातात येते आणि टोक आतच राहतं. ते जिकडे चाललंय तिकडेच ढकलत न्यायचं आणि पलीकडून काढायचं. वेळखाऊ काम आहे, पण त्याला दुसरा इलाज नाही.

परवा एक ब्लँकेट परत आलं. आमची ब्लँकेटं दवाखान्यात तान्ह्या बाळांना गुंडाळायला जातात. एका बाळाच्या मानेवर ओरखडा उठला होता. मालक स्वतः ते घेऊन आले आणि आईंच्या पुढ्यात ठेवलं. आत नुसतं टोक होतं, शेपटी गायब.

"मावशी, हे तुमच्या हातचं."

आई बघायला वाकल्या आणि भलतीकडेच बघत राहिल्या. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि बाईने घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता! ऑपरेशन म्हटलं की रजा, रजा म्हटलं की जागा गेली, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

"ओढलंच असेल मी. नीट दिसलं नसेल," त्या म्हणाल्या. "चूक माझी."

"मग आता घरी आराम करा. सुनेला बसवतो पाटावर."

"मला नको!" मी मशीनवरूनच ओरडले. सासूच्या जागेवर जाऊन बसू? एवढी निर्लज्ज नाही मी.

"तू गप गं," आई म्हणाल्या आणि मालकांकडे वळल्या. "पुढची गाडी मी भरून देते. त्यात एक जरी कुसळ निघालं तर तुम्ही सांगायची गरज नाही, माझी मी उठेन."

मालकांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून आईंनी डोळ्यांचा नादच सोडला. बोटांना तर इतक्या वर्षांचे घट्टे. म्हणून त्या ब्लँकेटवर गाल टेकवून हळूहळू सरकायच्या. टोचलं की थांबायचं, ढकलायचं, काढायचं. घरी यायच्या तेव्हा गाल लालबुंद. मी रागावून लोणी लावायचे. त्या म्हणायच्या, "लाव, पण बडबडू नकोस."

गाडी भरली. दवाखान्याच्या बाई येऊन माल बघून गेल्या, पसंत म्हणाल्या. ड्रायव्हर गाडीची मागची फळी लावत होता आणि आईंनी सहज वरच्या गठ्ठ्यावर गाल टेकवला. मग त्या तशाच राहिल्या. मला कळलं, टोचलंय. माझ्या मनात आलं, बाई गं, आता तोंड उघडू नकोस.

"थांबा. गाडी उतरवा."

"आता?" मालक भडकले. "मावशी, माल पास झालाय! कुणाला कळलं असतं?"

"ज्याला बोलता येत नाही, त्याला."

मालक म्हणाले, "आणि तुम्ही काय बोलला होता, ते आहे ना लक्षात?"

"आहे की. आधी गाडी उतरवा, मग मला उठवा."

गठ्ठे खाली आले. आई पुन्हा पाटावर बसल्या, पहिल्या ब्लँकेटपासून सुरुवात. मालक बराच वेळ डोक्यावर उभे होते. मग काय झालं कोण जाणे, खाली बसले आणि त्यांनीही एक ब्लँकेट ओढून गाल टेकवला.

"मला तर काहीच लागत नाही."

"आधी दाढी करून या," आई म्हणाल्या. "त्या खुंटांना काय कळणार, कप्पाळ?"

सगळा कारखाना हसला. मालक उठून गेले. आले ते खरोखरच गुळगुळीत दाढी करून.

"डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या," ते खाली बघत म्हणाले. "तोवर तुमच्या जागेवर कुणी बसणार नाही. आता मी कुठे बसू ते सांगा."

आईंनी जरा सरकून त्यांना जागा दिली. पाट मात्र सोडला नाही.