लेउतूनं झोपवलेला संगणक

सवाई बेटावरच्या त्या गावात संगणक बिघडला की लोक लेउतूकडे जात. तिची बोटं चटया विणणाऱ्या बाईची. पन्नाशी उलटल्यावर शाळेनं टाकून दिलेला एक संगणक खोलून, जोडून, पुन्हा खोलून ती हे काम शिकली. एक पट्टी चुकली म्हणून अख्खी चटई उसवू नये, चुकलेली पट्टी शोधावी, एवढंच आपल्याला येतं, असं ती म्हणे.

एके दुपारी दवाखान्यातली नर्स मोएलागी तिच्याकडे आली. दवाखाना चाले सौर बॅटरीवर. संध्याकाळी ती संगणक झोपवून घरी जाई आणि सकाळी बघावं तर पडदा उजळलेला, बॅटरी रिकामी, लसींचा फ्रीज कोमट. दोनदा लसी फेकाव्या लागल्या. आता तिसऱ्यांदा असं झालं तर फ्रीज दुसऱ्या गावी हलणार होता. इथल्या बाळंतिणींनी मग तान्ही पोरं घेऊन दोन तास बसनं जायचं. राजधानीहून, आपियाहून आलेल्या दुरुस्तीच्या माणसानं झोपेच्या सगळ्या वेळा बदलून पाहिल्या. त्याच्या देखत यंत्र गाढ झोपलं. तो बोटीत चढला आणि ते पुन्हा जागं.

लेउतूनं कशालाच हात लावला नाही. रोज करतेस तसंच कर, म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. दिवस कलला. मोएलागीनं संगणक झोपवला. तेवढ्यात प्रार्थनेचा शंख वाजला. आता प्रार्थना संपेपर्यंत कुणी रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. मोएलागीनं घाईनं जाळीचं पांढरं कापड संगणकावर पसरलं. प्रार्थनेआधी मोलाची वस्तू झाकायची, ही तिच्या आईची शिकवण. मग दोघी मांडी घालून बसल्या.

गाव निःशब्द झालं. समुद्रावरचा वारा हलक्या पावलानं खिडकीतून आत आला. लेउतूनं आजवर प्रार्थनेत कधी डोळे उघडले नव्हते. त्या दिवशी उघडले. कापडाची कड फुगली, खालचा माऊस केसभर सरकला आणि जाळीतून उजेड पाझरला. आपियाच्या माणसानं कापड बाजूला ठेवून यंत्र तपासलं होतं, हे तिला तेव्हा उमगलं.

प्रार्थना संपताच मोएलागी म्हणाली, "मावशी, डोळे उघडे होते तुझे. पाद्रीबाबांना सांगू का?"

"सांग की. माझे उघडे होते हे तुला कसं दिसलं, तेही सांग पोरी."

मग लेउतूनं वाऱ्यानं फुगणारं कापड आणि सरकणारा माऊस तिला दाखवला आणि संगणकाची ती एकच सवय मोडली: माऊस हलला तरी जागं व्हायचं नाही, बटण दाबल्यावरच व्हायचं.

मोएलागी ओशाळून कापडाची घडी घालू लागली. लेउतूनं ते तिच्या हातून घेतलं, झटकलं आणि चारी कोपरे सारखे करून पुन्हा पसरलं.

"राहू दे. आईनं शिकवलंय ना तुझ्या?"

पुढच्या मंगळवारी लेउतू अंगणात चटईसाठी पानं चिरत बसली होती. दवाखान्याकडून टोचलेल्या पोरांचं रडणं एकामागून एक येऊ लागलं. हातातलं पान तसंच धरून ती बराच वेळ ऐकत राहिली.