पायलटसाठी शिवलेली सीट

मोटारसायकलच्या सीट शिवणाऱ्या माणसाची जगाकडे बघायची रीत काही फार सभ्य नसते. गिऱ्हाईक दुकानात आलं की फोम्या आधी त्याची सीट बघायचा, मग तोंड. सीट डावीकडे दबलेली असली की विचारायचा, "कंबर दुखते का हो?" टाकीजवळ चुरगळलेली असली की म्हणायचा, "मागे बायको आणि दोन पोरं बसतात ना? तुम्हाला बसायला जागा तरी उरते का?" गिऱ्हाईक चाट पडायचं. फोम्या सुईत दोरा ओवत म्हणायचा, "तोंडानं थापा मारता येतात साहेब, बुडानं नाही."

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. एका भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या, दुसऱ्या भिंतीला जुन्या सीटांचे पत्रे, मध्ये ते अवजड शिलाई मशीन, आणि सगळीकडे डिंकाचा वास. फोम कापताना उडणारा भुसा त्याच्या केसांत, भुवयांत, चहाच्या कपातसुद्धा असायचा. त्यावरून फोम्या हे नाव पडलं आणि चिकटलं. खऱ्या नावाने त्याला फक्त विजेचं बिल हाक मारायचं. तो वरच्या माळ्यावर एकटाच राहायचा. लग्न का राहिलं असं कुणी विचारलं, तर "माप जुळलं नाही" एवढंच सांगून मशीन सुरू करायचा.

त्याला जीवाभावाचा म्हणावा असा एकच माणूस होता. तो पायलट. पायलट शाळेची बस चालवायचा, पण बसायचा विमानात बसल्यासारखा, छाती काढून. दोघांची पहिली भेट म्हणजे भांडणच. पायलटने बसमधली आपली सीट फोम्याकडे शिवायला टाकली आणि शिवून झाल्यावर "ही शिवण पाठीला टोचते" म्हणून परत आणली. फोम्याने उसवून पुन्हा शिवली, तो पुन्हा घेऊन आला. तिसऱ्यांदा फोम्या भडकला, सीट घेऊन स्वतःच बसमध्ये जाऊन बसला आणि त्याला कळलं की शिवण खरंच टोचतेय. तिथून जमली ती कायमची. रविवारी फोम्या पायलटच्या घरी जेवायचा. वहिनी न विचारता दुसऱ्यांदा वाढायची आणि तोही न बोलता खायचा. त्याचं घर म्हणून काही असलं, तर ते तेच होतं.

सुट्टीच्या दिवशी दोघं पायलटच्या मोटारसायकलवर भटकायचे. पुढे पायलट, मागे फोम्या. यात कधी अदलाबदल झाली नाही. पायलटला मागे बसणं म्हणजे शिक्षाच. दुसऱ्याने चालवलेल्या रिक्षातही तो पायाने नसलेला ब्रेक दाबत राहायचा.

भांडायचेही सपाटून. दोघांच्याही नाकावर राग, पण आरडाओरडा फारसा नाही. अबोला धरायचे. अबोला सोडायची रीत ठरलेली होती. ज्याची चूक त्याने येऊन फक्त "चहा सांगतो" म्हणायचं. माफी नाही, खुलासा नाही. चहा आला की भांडण मिटलं. कधी हा अबोला आठवडाभर चालायचा आणि वहिनी वैतागून म्हणायची, "तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून चहाची किटली आत सरकवली पाहिजे."

डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या रस्त्याचं वेड पायलटलाच होतं. खालच्या फाटकापासून घाट चढत, जंगलातून, धबधब्याच्या अंगावरून वर खिंडीपर्यंत. कुणीतरी दाखवलेला फोटो त्याने बसमध्ये आरशाशेजारी चिकटवला होता. "या रस्त्यावर गाडी घातली की मग मी सुटलो," असं म्हणायचा. दरवर्षी जायचं ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. पोरीची परीक्षा, बसचं काम, फोम्याचा मोडलेला हात.

मग पायलटचं हृदयच बिघडलं. दवाखान्यातून परत आला तो अर्धाच. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. बस गेली, मोटारसायकल अंगणात उभी राहिली. पायलट तिच्याकडे बघत ओट्यावर बसून राहायचा. एके दिवशी वहिनीच फोम्याच्या दुकानात आली. ती तिथे कधी येत नसे.

"भाऊजी, यांना त्या जंगलात नेऊन आणा. मागे बसवून न्या. डॉक्टरांना विचारलंय मी, हळू गेलात तर चालेल म्हणाले."

"नेतो की, वहिनी."

"पण गाडी यांच्या हातात द्यायची नाही. ते मागतील, गोड बोलतील, रुसतील. तरी द्यायची नाही. शब्द द्या मला."

फोम्याने शब्द दिला. वहिनीने त्याच्याकडे आजवर काहीच मागितलं नव्हतं, म्हणून त्याने तो दोनदा दिला.

आणि मग तो सीटच्या मागे लागला. दुकानातली बाकीची कामं बाजूला पडली, गिऱ्हाइकं चिडून गेली. पायलटच्या मोटारसायकलची मागची सीट त्याने वेगळीच उभारली. खाली कडक फोम, वर मऊ, मधोमध खळगा. उंच पाठ, मानेला टेकू, दोन्ही बाजूंना हात टेकवायला उंचवटे. पायलटच्या पायांना सूज यायची, ते घसरायचे, म्हणून पाय अडकवायला चामड्याचे पट्टे. छातीवरून एक रुंद पट्टा, झोप लागली तरी माणूस हलू नये म्हणून. पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये वीतभर उशी अशी घातली की मागच्याचा गुडघा पुढच्याला लागणार नाही, ब्रेक दाबला तरी मागचा पुढच्यावर आदळणार नाही. आयुष्यात त्याने इतकं चांगलं काम केलं नव्हतं, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं.

पायलटने सीट बघितली आणि तोंड वाकडं केलं. "हे काय रे? दाढी करायला बसवतोयस का मला?"

"बस तर आधी."

बसला. इकडे तिकडे रेलून पाहिलं. टोचणारी शिवण शोधली, सापडली नाही. "बरी आहे," म्हणाला. एवढं कौतुक त्याने उभ्या जन्मात कुणाचं केलं नव्हतं.

निघाले ते हवा स्वच्छ असताना. उद्यानाच्या फाटकावर रखवालदाराने नियम सांगितले. हॉर्न वाजवायचा नाही, वेग वाढवायचा नाही, पहिल्या कठड्यापासून खिंडीपर्यंत मध्ये कुठेही थांबायचं नाही, कारण त्या पट्ट्यात जनावरांचा वावर आहे. पायलटने मागच्या सीटवरून रखवालदाराला उलट चार प्रश्न विचारले. उतार किती, वळणं कशी, पावसात माती येते का. "चालवताय कोण?" असं रखवालदाराने विचारल्यावर मात्र त्याने फोम्याच्या पाठीकडे बोट केलं.

पहिल्या कठड्याशी थांबले. समोर दरी, पलीकडे घाटाचा रस्ता झाडांत शिरत, पुन्हा बाहेर येत वर गेलेला. वळण संपलं की वळण. पायलट कठड्याला धरून तो रस्ता बघत राहिला. त्याचा उजवा हात मिटून थोडासा फिरत होता. गाडीची नसलेली मूठ पिळत होता तो.

"फोम्या, मला दे."

"काय?"

"गाडी. ते वळण दिसतंय ना, पाटी लावलेलं? तिथपर्यंत. मग तू घे."

"नाही."

"हळू नेतो. पहिल्या गियरमध्ये नेतो रे."

"डॉक्टर काय म्हणालेत? वहिनीला शब्द दिलाय मी."

"तिला कोण सांगणार आहे?" पायलट हसायचा प्रयत्न करत होता. मग हसणं थांबलं. "फोम्या, मी तुझ्याकडे कधी हात पसरलेत का? आज पसरतोय. मागे बसून बघितलेला रस्ता माझा नाही रे होत. एकदाच दे."

पायलटला कुणापुढे विनवणी करताना फोम्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला सोसेना. सोसेना म्हणून तो तोडून बोलला. "पोरासारखा हट्ट करू नकोस. वाटेत मेलास तर वहिनीला काय तोंड दाखवू मी? बस गपचूप मागे."

पायलटने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली आणि मागे जाऊन बसला. फोम्याने त्याचे पाय पट्ट्यांत अडकवले, छातीवरचा पट्टा लावला. पायलटने दोन्ही हात जर्किनच्या खिशात कोंबले. अबोला सुरू झाला, हे फोम्याने ओळखलं.

रस्ता खरोखरच तसा होता. उंच सरळ झाडं, त्यांच्या मधून तिरकं पडणारं ऊन, ओल्या पाल्याचा वास. फोम्या आधी एकटाच बडबडला. "बघ, हरणं! उजवीकडे बघ!" उत्तर नाही. "अरे, एवढा काय राग?" उत्तर नाही. मग त्यालाही राग आला. नाही बोलायचं तर नको बोलू, तुझ्याच भल्यासाठी केलं ना मी? तोही गप्प बसला. दोघांनाही गप्प बसण्याची चांगली सवय होती.

धबधबा आला. पाण्याचे तुषार रस्त्यापर्यंत येत होते, गाडी त्यातून गेली. फोम्याने मुद्दामच मागे पाहिलं नाही. गाडी वळणांवर अलगद वाकत होती, कुठे झोक जात नव्हता. मागे कुणी बसलंय हे जाणवतही नव्हतं. सीट काय जमलीय, असं त्याच्या मनात आलं, आणि एवढ्या रागातही त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

पण धबधब्याच्या पुढे त्याचा राग विरघळायला लागला. एकट्याने बघण्यासारखा नव्हताच तो रस्ता. त्याला पायलटचा तो पसरलेला हात आठवत राहिला. हा माणूस सगळा जन्म दुसऱ्यांची पोरं शाळेत सोडत राहिला. बसमध्ये तो फोटो चिकटवून. आणि आपण त्याला पोरासारखा हट्ट करू नकोस म्हणालो. फोम्याला स्वतःची लाज वाटली. खिंडीच्या पलीकडे माळ आहे, रस्ता सपाट आहे, हे रखवालदाराने सांगितलं होतं. तिथे द्यायची. वहिनीला दिलेला शब्द मोडायचा, तिच्या शिव्या खायच्या, पण द्यायची. ठरवलं आणि त्याला एकदम हलकं वाटलं. उरलेला चढ तो चक्क शीळ घालत चढला.

खिंडीत वारा होता. चार-दोन गाड्या थांबल्या होत्या, माणसं फोटो काढत होती, एका टपरीवर स्टोव्ह पेटला होता. फोम्याने बसल्या बसल्याच गाडी बाजूच्या स्टँडवर टेकवली. किल्ली काढली आणि मागे न बघताच हात मागे नेऊन ती धरली.

"घे. इथून पुढे तू ने. आणि चहा मी सांगतो."

किल्ली कुणी घेतली नाही.

"घे म्हणतोय ना. चुकलो बाबा मी." अबोल्यात माफी मागायची रीत नव्हती, तरी त्याने ती मागितली. हात तसाच धरून ठेवला, हसत. हात अवघडला तेव्हा तो वळला.

पायलट ताठ बसला होता. पाठ टेकलेली, मान टेकूवर, पाय पट्ट्यांत, हात खिशात. फोम्याने हेल्मेटची काच वर केली. मग तो काय ओरडला ते त्याला कधीच आठवलं नाही. टपरीवाला धावत आला, फोटो काढणारी माणसं धावत आली. पट्टा सोडायला फोम्याची बोटं चालेनात. त्यानेच शिवलेला पट्टा, शेवटी टपरीवाल्याने सोडवला.

पलीकडच्या गावातल्या डॉक्टरने सांगितलं, त्रास झाला नसेल, पटकन गेले असतील. कधी, ते नक्की सांगता येणार नाही. फोम्या पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. धबधब्याच्या आधी की नंतर? हरणं दिसली असतील का? साधी सीट असती तर पायलट त्याच्या पाठीवर कलंडला असता. वजन कळलं असतं, धरता आलं असतं, निदान त्या घटकेला तो एकटा नसता. डॉक्टर बिचारा काय सांगणार? त्याने फोम्याला पाणी दिलं.

माणसं येऊन गेल्यावर, घर रिकामं झाल्यावर, वहिनीने त्याला समोर बसवलं. "सगळं सांगा," म्हणाली. फोम्याने सगळं सांगितलं. कठडा, पाटी लावलेलं वळण, पायलटने पसरलेला हात, आपण काय बोललो ते. एक शब्द गाळला नाही. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "पण तुम्हाला दिलेला शब्द पाळला वहिनी. गाडी नाही दिली त्याच्या हातात." तिच्यापुढे ठेवायला त्याच्याजवळ तेवढंच होतं.

वहिनीने पदर डोळ्यांना लावला.

"एकदा द्यायची होतीत हो, भाऊजी. पाटीपर्यंतच तर मागत होते."

खिंडीत द्यायचं ठरवलं होतं, किल्ली पुढे केली होती, हे सांगायचं फोम्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ती किल्ली कुणी घेतली नव्हती, आणि आता ते सांगून वहिनीला काय मिळणार होतं?

"हो वहिनी," तो म्हणाला. "द्यायला हवी होती."