आष्ट्याजवळच्या मोरीचे काँक्रीट

ते प्रकरण आठवले की आजही माझे डोके तापते. बेचाळीसची चळवळ आणि लढाईचा काळ होता. शिपायापासून चढत मी फौजदार झालो होतो. पाठीशी वशिला नव्हता, म्हणून माझी चूक साहेबांना दुप्पट दिसे.

आष्ट्याजवळ ओढ्यावर रस्त्याखालच्या मोरीचे बांधकाम चालले होते. वरून घाई होती, म्हणून ठेकेदाराने काँक्रीट लवकर घट्ट करणारी रासायनिक भुकटी मुंबईहून आणवली. स्लॅब टाकला, पण तीन दिवसांनीही त्यात बोट रुतत होते.

मुकादमाने ठाण्यात येऊन खबर दिली, "कामावरच्या राखणदाराचा भाऊ भूमिगत हाय. ह्या राखणदारानंच भुकटी बदलली."

साहेबांचा हुकूम आला : घातपाताचा गुन्हा नोंदवा. राखणदार कोठडीत गेला. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याची उमेदीची वर्षे तुरुंगातच गेली असती.

"काय मिसळलंस?" मी विचारले.

"आवं साहेब, मला त्या भुकटीचं नावबी घेता येत न्हाई."

"भाऊ कुठाय?"

"त्यो काय मला सांगून पळालाय व्हय?"

हवालदार हसला. मी त्याच्यावर खेकसलो आणि पंचनाम्याला निघालो.

जागेवर पाण्याच्या पिंपांना मुंग्या लागल्या होत्या. मुकादमाला विचारले.

"गुऱ्हाळाची हायती. आमची गळाय लागली, म्हणून स्लॅबच्या सकाळी मागून आणली. काकवीची पिंपं, एकदा इसळली की झालं!"

आमच्या भागात गुऱ्हाळवाला कुणाला नाही म्हणत नाही, आणि काकवीचे पिंप कुणाला वेगळे वाटत नाही. मी दोन घमेल्यांत तेच सिमेंट, तीच भुकटी कालवायला लावली. एकात विहिरीचे पाणी, दुसऱ्यात पिंपातले. सकाळी पहिल्या घमेल्यातल्या काँक्रीटवर हातोडा खणकन वाजला. दुसऱ्यात चिखल होता.

कामावरचे इंजिनिअर म्हणाले, "साखरेने सिमेंट घट्ट होत नाही. पुस्तकात आहे."

"मग ते पुस्तक उघडायला माणूस कोठडीत टाकावा लागला का?"

तरी ते अहवालात 'भुकटी खराब निघाली' एवढेच लिहायला तयार होते. म्हणजे ती बदलल्याचा संशय तसाच! मी सौदा केला. "गुन्हाच घडला नाही असे लिहा. नाहीतर नमुने पुण्याला पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत कामाला सील." त्यांनी दातओठ खात लिहिले. साहेबांनी माझ्यावर लिहिलेल्या शेऱ्यात 'आगाऊ' हा शब्द पडला आणि बढती दुसऱ्याला मिळाली. ते मी विसरलेलो नाही.

काम बिघडले की लोकांना कारण नको असते, माणूस हवा असतो. आणि तो आणून द्यायला आम्ही पोलीस बसलेलोच असतो. एवढे मी त्या प्रकरणातून शिकलो.

राखणदाराला म्हटले, "सुटलास. जा घरी."

तो हलेना. "आणताना भर बाजारातनं दोरी लावून आणलं, साहेब. आता एकटा गेलो तर लोक म्हणतील, पळाला. तुमीबी चला की."

बाहेर ऊन मी म्हणत होते. मी चार शिव्या हासडल्या, टोपी घातली आणि त्याच्याबरोबर बाजारातून चालत गेलो.